इंजिनाच्या पोटातली हळद

आमच्या घराण्यात दोन गोष्टी न चुकता सांगितल्या जातात. पहिली, आमच्या खापरपणजोबांनी नुसत्या कुऱ्हाडीनं वाघ मारला. दुसरी, आमच्या दादानं लहानपणी आबांचं इंजिन मोडलं. वाघाबद्दल मला पहिल्यापासून संशय होता. कोरेगावच्या शिवारात तो आला कुठून, हे कुणी सांगत नसे आणि सांगणाऱ्यागणिक त्याची लांबी मात्र वाढत असे. इंजिनाबद्दल संशय घ्यायचं मला कधी कारण पडलं नाही. त्या गोष्टीत मी नव्हतो.

इंजिन खेळण्यातलंच, पण त्याला खेळणं म्हणायला जीभ कचरावी असं. वीतभराहून थोडं लांब, काळंभोर, ओतीव धातूचं, पाच वर्षांच्या पोराला दोन्ही हातांनी उचलावं लागेल इतकं जड. आबा, म्हणजे आमचे वडील, लष्करात गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत हवालदार होते. शांतिसेनेबरोबर त्यांना वर्षभर परदेशी वाळवंटात पाठवलं होतं. तिथून मायदेशी निघालेल्या कुणा गोऱ्या अधिकाऱ्यानं सामान हलकं करताना ते इंजिन, चार डबे, खोकाभर रूळ आणि एक जड ट्रान्सफॉर्मर आबांना देऊन टाकला. आबा दसऱ्याच्या रजेवर कोरेगावला आले ते ही सगळी गाडी खांद्यावर घेऊन.

त्यांनी माजघरात रूळ जोडले. मी पाच वर्षांचा, दादा अकरा. आत्ती, म्हणजे आबांची धाकटी बहीण, लग्न होऊन उंब्रजला गेलेली, तीही सणाला आली होती. इंजिन फिरू लागलं तेव्हा घरात कुणी श्वास घेतला नसेल. मग आबांनी खरी गंमत दाखवली. त्यांनी वीज क्षणभर तोडली आणि परत दिली. इंजिन जागच्या जागी उभं राहिलं. परत तोडली, परत दिली. ते उलटं चालू लागलं. आणखी एकदा केलं की पुन्हा थांबे आणि त्यानंतर पुढं जाई. दिशा बदलायला दुसरी कळ नव्हती.

"आमच्या मालकासारखंच हाय," आत्ती म्हणाली. "एक येळ उपाशी ठेवलं की वळतंय."

आबा हसले. ते हसल्याचं मला आठवतं कारण तो प्रकार क्वचित घडे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडं जे जे काम करतं त्याची पूजा होते. फाळ, विळे, खुरपी, आबांचे पाने, सायकल आणि वाघाची म्हणून दाखवतात ती कुऱ्हाड, सगळं ओळीनं मांडलं होतं. आबांनी शेवटी इंजिन ठेवलं. आईनं हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. दादाच्या हातात काही दिलं की तो ते उघडून बघायचा आणि माझ्या हातात दिलं की मी ते धरून उभा राहायचो. घरात माझी हीच ख्याती होती. पुढं ग्रंथपालाच्या नोकरीतही हीच राहिली.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन सगळी आळी आली. आबांनी वर्दीचा शर्ट घालून इंजिन सोडलं. पुढं छान गेलं. वीज तोडली, परत दिली. ते पुढंच गेलं. परत तोडली. नुसतं गुरगुरलं आणि पुढंच गेलं. जमलेल्यांना त्यात काही कमी वाटलं नाही. रेल्वे पुढं जाते हे त्यांना मान्यच होतं. पण आबांचं तोंड उतरलं. चार माणसांसमोर यंत्रानं ऐकलं नाही, ही गोष्ट लष्करातल्या मेकॅनिकला फार लागते.

त्यानंतरच्या दुपारी आबा झोपले होते. दादानं बाहेरच्या सोप्यात वर्तमानपत्र पसरलं, आबांचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि इंजिनाचं कवच उतरवलं. आबा उठून बाहेर आले तेव्हा कवच एकीकडं, चाकं एकीकडं आणि दादा मध्ये. आबांनी काही विचारलं नाही. ज्याच्या हातात हत्यार त्यानं मोडलं, असा त्यांच्या तुकडीत नियम असावा; दसऱ्याला अडलं तेही यानंच आधी उघडलं म्हणून, असं त्यांनी धरलं. त्यांनी दादाच्या कानाखाली मारली. एकच, पण माणूस गाड्यांची चाकं खोलणारा होता.

"आधीच अडाकलं हुतं, आबा," दादा म्हणाला.

हे वाक्य मी ऐकलं, आईनं ऐकलं, आत्तीनं ऐकलं. पण दादानं मोडल्याचं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळं कानांचं काम उरलं नव्हतं.

आबांनी चाकं आणि कवच परत बसवलं, पण इंजिन पुन्हा चालवून बघितलं नाही. दोन दिवसांनी त्यांची रजा संपली. इंजिन काचेच्या कपाटात गेलं, त्याला कुलूप लागलं आणि तिथून पुढं दर खंडेनवमीला कुंकवाचं बोट काचेला लागू लागलं. न चालणाऱ्या वस्तूला मान देण्यात आमचं घर मागं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट वाघाच्या पंक्तीला बसली असती. पण दादा सोळा वर्षांचा झाला तेव्हा त्याला लष्कराच्या तांत्रिक शाळेत घालावं असं मास्तरांनी सुचवलं. आबांनी नुसती शिफारशीची चिठ्ठी दिली असती तरी झालं असतं. आबा म्हणाले, "त्याचा हात मोडणारा हाय. सरकारचं नुकसान कशाला?" चिठ्ठी दिली नाही. दादा सांगलीला एका दुकानात मोटारी बांधायला शिकायला गेला. मोटार बांधायची म्हणजे शेतातल्या पंपाची जळालेली मोटार उघडून, जुनी तार काढून, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे बसवायचे. पुढं त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. पन्नास वर्षं त्यानं कृष्णाकाठच्या मोटारी बांधल्या. पुराच्या वर्षी चिखलानं भरलेल्या मोटारींची त्याच्या दारात रांग लागायची. आणि मला, न मोडणाऱ्याला, आबांनी साताऱ्याला कॉलेजात घातलं.

आत्ती मात्र ही गोष्ट सांगत राहिली. तिच्या सांगण्यात वाईट हेतू नव्हता, नुसती हौस होती. बारशाला, लग्नाला, जावळाला. दादाच्या लग्नात नव्या नवरीला पहिली ओळख हीच झाली: "जपून गं बाई, ह्येनं आबाचं इंजिन मोडलंया." वहिनी अजून सांगते की तिला वाटलं, नवरा रेल्वेत होता आणि नोकरी गेली. माणसं हसायची. दादाही हसायचा. मी त्याच्या हसण्याकडं कधी नीट बघितलं नाही.

आबा गेले, आई गेली. कपाट वाटणीत माझ्याकडं साताऱ्याला आलं, कारण दादानं ते नको म्हटलं. मग दादाला कंपवात झाला. आधी उजवा हात, मग दोन्ही. दुकान बंद झालं. गेल्या माघात एका सकाळी त्याचा फोन आला. एरवी तो फोनवर पाऊसपाण्यापलीकडं बोलत नसे.

"बारक्या, ते इंजिन हाय न्हवं?"

"आहे की."

"घिऊन ये. एकदा बघतो."

"आता काय बघणार, दादा? बासष्ट वर्षं झाली."

"म्हणूनच."

मी इंजिन जुन्या धोतरात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि एसटी धरली. सातारा, उंब्रज, कऱ्हाड, सांगली. पिशवी मांडीवर घेतली होती. शेजारच्या माणसानं विचारलं, "देव हाय काय?" मी म्हटलं, "आमच्या घरात तसंच समजतात."

दादाच्या दुकानात अजून वॉर्निशचा वास होता. टेबल स्वच्छ पुसलेलं, दिवा खाली ओढलेला, स्क्रू ठेवायला वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या तीन वाट्या. दादा स्टुलावर बसला होता आणि डाव्या हातानं उजवा हात धरून होता.

"भावजी, तुमी आला की यांचं हात थांबत्यात बघा," वहिनी म्हणाली.

"थांबत न्हाईत. तू बघायची थांबतीस," दादा म्हणाला.

काम मी करायचं आणि तो सांगणार, असं ठरलं. माझे हात चाळीस वर्षं पुस्तकं फडताळावर लावणारे. पहिलाच स्क्रू टेबलाखाली गेला.

"वाटी कशाला ठिवलीया? शिकरण खायाला?"

कवच निघालं. आत मोटार आणि तिच्यामागं, दोन पत्र्यांच्या मध्ये, दिशा बदलणारा भाग. मला त्याचं आकर्षण कधीच वाटलं नव्हतं. दादानं सांगितलं तेव्हा कळलं की किती साधी बुद्धी आहे ती. एक लहानसं तारेचं वेटोळं. त्यात एक लोखंडी दांडी. वीज आली की वेटोळं दांडीला वर ओढतं, वीज गेली की ती खाली पडते. वर जाताना तिचं टोक करंगळीएवढ्या, लाटण्यासारख्या एका गोल रुळाला एक दात पुढं ढकलतं. रुळावर तांब्याच्या पट्ट्या आहेत आणि त्यांना टेकलेल्या तांब्याच्या चार बारीक जिभा. रूळ फिरला की जिभा दुसऱ्या पट्टीवर येतात आणि मोटारीला उलटी वीज मिळते. दोन दिशांच्या मध्ये दर वेळी एक घर रिकामं. तिथं इंजिन नुसतं उभं राहतं.

"रूळ फिरव बोटानं."

फिरला नाही.

"हे बघ. अडाकलंय. तवाबी असंच हुतं. मी हितवर पोचलोच न्हवतो. पत्रं उघडायच्या आधीच आबा आलं." तो हे इतक्या सहज म्हणाला, जणू काल संध्याकाळचं सांगतोय. "मला निस्तं बघायचंय, का अडाकलंय. मी मोडलं असलं तर मोडलं."

तेव्हा मला कळलं की इंजिन दुरुस्त करायला त्यानं मला बोलावलंच नव्हतं. त्याला स्वतःचीही खात्री नव्हती. साठ वर्षं लोक सांगत होते, तर त्यालाही वाटत होतं की कवच काढताना आपलाच हात कुठंतरी लागला असेल.

पत्र्यांच्या कडेचे कान एकमेकांत मुडपून बसवलेले होते. चिमट्यानं ते कान सरळ करायला मला अर्धा तास लागला. पत्रा सुटला आणि रूळ हातात आला. त्याच्या दातांवर, जिभांवर आणि दांडीच्या वाटेत एक काळपट लाल थर बसला होता. जुन्या लाखेसारखा कडक.

"गंज," मी म्हणालो.

"तांब्याला असला गंज चढत न्हाई. खरड."

मी टाचणीनं खरडलं. लालसर भुगा पडला. त्याखालचा पिवळा होता. दादानं थरथरतं बोट जिभेला लावलं, भुग्यात टेकवलं आणि अंगठ्यावर चोळलं. अंगठा पिवळा झाला. त्यानं तो नाकाशी नेला. सांगलीत पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं कुणी सांगायची गरज नव्हती.

"हळद हाय," तो म्हणाला. "हळद, कुक्कू आन त्याल."

वर, बॉयलरच्या पाठीवर, एक बारीक खाच होती आणि तिच्यातून हा भाग बंद ठेवायची एक इवलीशी कळ बाहेर डोकावत होती. ती खाच बघितली आणि मला सगळं आठवलं, विसरलं होतं असंही म्हणता येणार नाही इतकं आठवलं. ओळीतल्या सगळ्या हत्यारांना मी एकेक चिमूट वाहिली होती. इंजिनाशी आलो तेव्हा गंध कुठं लावायचं कळेना. ती खाच मला कपाळासारखी वाटली. मी तिथं हळद लावली, ती आत गेली. दिसेना म्हणून परत लावली. मग कुंकू. मग परत. यंत्राला तेल लागतं असं आबा नेहमी म्हणत, म्हणून समईतलं तेल पळीनं सोडलं. खूप भक्तीनं सोडलं. इंजिन वरून लालपिवळं झालं होतं, पण त्या दिवशी घरातलं सगळंच तसं झालेलं होतं. कुंकू सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळं त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. आणि पुढच्या वर्षापासून तर बोट काचेलाच लागायचं. आत गेलं ते एकाच वर्षाचं.

"मी घातलं असेल," मी म्हणालो.

"असंल न्हाई. ताट तुझ्या हातात हुतं."

वहिनी चहा घेऊन आली, आमच्या तोंडांकडं बघितलं आणि कप ठेवून परत गेली. दादा अंगठ्याकडं बघत होता. तो रागावेल असं मला वाटलं. हसेल असंही वाटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "पाच वर्साचं प्वार तू. तुला काय म्हणायचं?" आणि अंगठा पुसत, "आबांना दावायला पायजे हुतं."

मग त्यानं चहा मागितला. वहिनीनं कप धरला, त्यानं दोन घोट घेतले.

"आत्तीला सांग," तो म्हणाला. "आबा न्हाईत, आय न्हाई. त्या दिवशीचं माणूस आता तेवढंच ऱ्हायलंय. ती सांगती तेच लोक खरं धरत्यात. म्या सांगून उपेग न्हाई, म्या सांगितलं हुतं. तू सांग. माझ्या जितेपणी सांग, म्हंजे झालं."

"जाताना उंब्रजला उतरतो," मी म्हणालो.

उतरलो नाही. एसटी उंब्रजला थांबली. आत्तीचं घर थांब्यावरून दिसतं, हमरस्त्याला लागूनच आहे. ती ओसरीवर बसली असावी असं वाटलंही. सत्त्याऐंशी वर्षांची, दोन्ही कानांनी ठार बहिरी. फोनवर सांगायची सोय नाही, जाऊन कानात ओरडूनच सांगावं लागणार. मी मनाशी म्हटलं, आधी इंजिन पुरतं दुरुस्त होऊ दे, मग पुराव्यानिशी सांगू. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला न करण्याची कारणं फार चांगल्या भाषेत सुचतात.

पुढच्या खेपेला आम्ही तो आतला रूळ रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, टूथब्रशनं घासला, तांब्याच्या पट्ट्या खोडरबरानं चकचकीत केल्या. एक जीभ झिजून तुटायला आली होती. दादानं जुन्या स्टार्टरमधली तांब्याची लवचीक पट्टी काढून दिली आणि मी ती कात्रीनं कापून, वाकवून बसवली. चार वेळा चुकली. पाचव्यांदा तो म्हणाला, "आता आबा आसतं तर तुझ्या कानाखाली आसती." त्याला हे बोलून बरं वाटलं असावं. मलाही वाटलं.

जाताना बसमध्ये गर्दी होती. उंब्रजला दाराशी पोचणं अवघड होतं. अशक्य नव्हतं.

तिसऱ्या खेपेला, चैत्रात, ते परत जोडायचं होतं. हीच खरी मेख. रुळाच्या दोन टोकांना सुईच्या अग्राएवढ्या खुंट्या, त्या दोन पत्र्यांच्या भोकांत एकाच वेळी बसायच्या आणि तेवढा वेळ चारी जिभा मागं धरून ठेवायच्या. तीन हात लागतात. माझे दोन होते आणि तेही घामेजलेले. एक खुंटी बसली की दुसरी निसटे. अर्धा तास झाला. मी म्हणालो, "दादा, हे होणार नाही."

"सरक."

त्यानं आपलं थरथरतं बोट पत्र्यावर ठेवलं. मी जिभा धरून होतो. पत्रा त्याच्या बोटाखाली थडथडत होता आणि त्या थडथडीतच खुंटी भोक शोधत शोधत टक्‌ करून आत पडली. मी पत्र्याचे कान मुडपले. चिमटा पुसून ठेवला. त्या हाताचं कौतुक करणं त्याला आवडलं नसतं.

मग त्यानं टेबलाखालून एक ट्रान्सफॉर्मर काढायला सांगितला. जुना आबांचा नव्हे. नवा, दादानं स्वतः बांधलेला. वेढे असे की केस जाणार नाही मध्ये.

"हा कधी बांधलास?"

"चार वर्सं झाली. हात हुते तवा."

म्हणजे चार वर्षं तो त्या इंजिनाची वाट बघत होता आणि मागितलं नव्हतं. कपाट माझ्या बैठकीत होतं, किल्ली माझ्या खिशात.

गाडीचे रूळ आणि डबे मी या खेपेला बरोबर आणले होते, ते दुकानाच्या फरशीवर मांडले. वीज दिली. इंजिन खोकलं आणि पुढं निघालं. दादानं स्वतः वीज तोडली. त्याला बटण दोन वेळा दाबावं लागलं. परत दिली. इंजिन उभं राहिलं. तोडली, दिली. ते मागं आलं. फरशीवरून खडखडत, डब्यांना मागं रेटत, बासष्ट वर्षांनी मागं आलं आणि त्याच्या स्टुलाजवळून गेलं.

"गेलं मागं," वहिनी दारातून म्हणाली.

दादा इंजिनाकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

"उतरलास का उंब्रजला?"

"गर्दी होती, दादा. पुढच्या वेळी नक्की."

"बरं," तो म्हणाला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याचं ते 'बरं' मी पन्नास वर्षं ऐकत आलो होतो. चिठ्ठी मिळणार नाही म्हटल्यावर तो आबांनाही हेच म्हणाला होता.

त्यानंतर तीनदा मी त्या रस्त्यानं गेलो-आलो. एकदा आत्ती ओसरीवर दिसलीसुद्धा, बसच्या खिडकीतून, तांदूळ निवडत. मी मान दुसरीकडं केली. वास्तविक तिला मी ओळखू येणं शक्यच नव्हतं. मला लाज कसली वाटत होती हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. पाच वर्षांच्या मुलाची चूक कबूल करणं सोपं होतं. पण आत्तीला सांगितलं की त्यामागोमाग चिठ्ठी आली असती, कॉलेज आलं असतं, माझं सगळं न मोडणारं आयुष्य आलं असतं. एकदा ते सांगितलं की कुणाच्या जागेवर कोण बसला होता, हे उंब्रजपासून कोरेगावपर्यंत लोक बोलले असते. दादानं एकदाही परत विचारलं नाही.

आषाढात त्याला ताप भरला. तो छातीत उतरला. मी पोचलो तेव्हा तो बोलत नव्हता. त्याचे हात पहिल्यांदाच स्थिर होते.

आमच्या भागात रक्षाविसर्जनाला ध्वनिक्षेपक लागतो. कृष्णेच्या घाटावर तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. दादाला कधीही न भेटलेल्या एका पुढाऱ्यानं उशिरा येऊन लवकर बोलायची परवानगी घेतली आणि त्याच्या जाण्यानं समाजात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. दादानं आयुष्यभर पोकळ्याच भरल्या होत्या, मोटारींच्या खाचांतल्या. त्याला त्या माणसाचं काम कच्चं वाटलं असतं. दुसऱ्यानं त्याला उद्योजक केलं. तिसऱ्यानं नाव चुकवलं.

मग सूत्रसंचालकानं मला बोलावलं. "मृताचे धाकटे बंधू, निवृत्त ग्रंथपाल." मी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. खंडेनवमी, ताट, खाच, तेल. दादानं इंजिन मोडलं नव्हतं, मी बंद पाडलं होतं. तो मला सांग म्हणाला होता आणि मी सांगितलं नाही. काही लोक हसले; हळदीची गोष्ट त्यांना गमतीची वाटली. सूत्रसंचालक म्हणाला, "बालपणीच्या हृद्य आठवणींना त्यांनी उजाळा दिला." आणि पुढचं नाव पुकारलं.

पहिल्या रांगेत आत्ती बसली होती. तिला नातवानं जीपमधून आणलं होतं. ती नदीकडं बघत होती. तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

मी तिच्याजवळ गेलो, घाटाच्या पायरीवर उकिडवा बसलो आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "आत्ती, इंजिन दादानं मोडलं नव्हतं."

"काय मोडलं?"

"इंजिन! आबांचं! दादानं नाही. मी. हळद घातली होती मी आत."

बोलणारा वक्ता थांबला. सगळा घाट ऐकत होता. आत्ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"मग त्या लेकरानं मार उगीच खाल्ला व्हय रं?"

"हो."

"त्येला ठावं हुतं?"

"माघात कळलं. त्यानं तुला सांगायला सांगितलं होतं. मला."

तिनं बोटांवर महिने मोजले. माघ, फाल्गुन, चैत. आषाढापर्यंत आली आणि बोटं मिटली.

"एसटी तर माझ्या दारावरनंच जाती," ती म्हणाली.

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. पदर डोळ्यांना लावला आणि परत नदीकडं बघू लागली.

परतताना मी तिच्या जीपमध्ये बसलो आणि उंब्रजला उतरलो. ओसरीवर शेजारच्या बायका भेटायला आल्या होत्या. आत्ती भिंतीला टेकून बसली, पाणी प्याली आणि सांगू लागली. "आमच्या थोरल्यानं मोडलंच न्हवतं ते. ह्यो बसलाय न्हवं, ह्येनं. शेरभर हळद वतली बघा आत. वर स्क्रूड्रायव्हर घिऊन खुपसलं, लय खुपसलं. आन मार खाल्ला त्या गरिबानं."

बायकांनी माझ्याकडं बघितलं. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात कधीच नव्हता आणि हळद शेरभर नव्हती. आता ही गोष्ट बारशाला, लग्नाला अशीच सांगितली जाईल आणि दर वेळी थोडी वाढेल.

मी काही दुरुस्त केलं नाही.